पस्तीस टक्क्यांवर अडलेलं स्थळ

मोताळ्याचे भगवानराव एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते आणि एवढ्या वर्षांत आपल्यामुळे एकही गाडी मिनिटभर उशिरा सुटली नाही, असं ते सांगत. दुसऱ्या कोणी हे सांगितल्याचं ऐकिवात नाही, पण त्यांच्या तोंडावर नाही म्हणणाराही भेटला नाही. निवृत्तीनंतर गाडी सुटली, तेव्हा त्यांनी घराला वेळापत्रक लावलं. सहाला चहा, साडेसहाला पाणी, दहाला जेवण. त्यांची बायको मनकर्णाबाई शेजारणींना सांगायची, की या घरात शिंक आली तरी आधी घड्याळाकडे बघावं लागतं.

असा हा घड्याळाचा माणूस दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात तीन दिवस काळ्या पडद्यासमोर बसून होता, आणि पडद्यावरचा पस्तीसचा आकडा काही छत्तीस होत नव्हता.

संगणक त्यांच्या लेकाचा, भास्करचा. भास्कर चार वर्षांपूर्वी मलकापूरच्या हायवेवर अपघातात गेला. मागे बायको शालू, एकोणतीस वर्षांची, आणि मुलगी रेणू, आता सहाची. संगणक समोरच्या खोलीत फडक्याखाली झाकलेला होता. महिन्याभरापूर्वी भगवानरावांनी फडकं काढलं, एका बोटाने टायपिंग सुरू केलं, तेव्हा मनकर्णाबाईला बरंच वाटलं. म्हाताऱ्याला नाद लागला तर निदान चहाची वेळ तरी मागेपुढे होईल.

पण नाद वेगळाच होता. भगवानराव दार लोटून शालूचा बायोडाटा टाइप करत होते. सुनेचं दुसरं लग्न लावायचं त्यांनी मनात घेतलं होतं, आणि ते मनात ठेवूनच चाललं होतं. मनकर्णाबाईसमोर असा शब्द काढायची सोय नव्हती. भास्करच्या नावाचं जे काही घरात उरलं होतं त्यातली एक वाटीही ती कोणाला उसनी देत नसे. आणि शालूला? तिला विचारायचं राहूनच गेलं. जमलं की सांगू, असं भगवानरावांनी ठरवलं होतं. बस सुटायच्या आधी प्रवाशाला कुठे उतरायचं ते विचारणारा हा माणूस, पण इथे मात्र तिकीट आधीच फाडून बसला.

स्थळ आणलं होतं पंजाबरावांनी. हे त्यांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर, अकरा वर्षांची जोडी, आता बुलढाण्यात राहायला. चिखलीचे एक मास्तर, बायको वारलेली, मूलबाळ नाही, स्वभाव गरीब. शुक्रवारपर्यंत फोटोसह बायोडाटा द्यायचा, पसंत पडला तर रविवारी ते मोताळ्याला येणार. मास्तरांच्या बहिणीने आणखी दोन ठिकाणी सांगून ठेवलं होतं, म्हणजे शुक्रवार हुकला की स्थळ गेलं.

हाताने लिहून का नाही दिला, असं कोणी म्हणेल. अडचण फोटोची होती. शालूने चार वर्षांत फोटोला उभं राहणं सोडलं होतं. रेणूच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, रेणू पोपट होऊन स्टेजवर पडली तेव्हा शालू खळखळून हसली, आणि नेमका तो क्षण कोणा पालकाच्या कॅमेऱ्यात आला. तो एकच फोटो. तो त्या पालकाने संगणकात उतरवून दिला होता, आणि संगणक उघडत नव्हता.

झालं होतं असं. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, त्यातून एक भलंमोठं अपडेट उतरलं. संगणक बंद करताना पडद्यावर अक्षरं आली, की अपडेट बसवणं चालू आहे, संगणक बंद करू नका. आकडा हळूहळू चढत पस्तीसवर गेला. तेवढ्यात घड्याळात अकराला तीन मिनिटं कमी. मोताळ्यात अकराला भारनियमन, म्हणजे अकरा म्हणजे अकरा. आता गावात सगळ्यांचीच एक रीत होती. लाइट आपोआप गेली तर यंत्राला झटका बसतो, म्हणून जायच्या आधी आपल्याच हाताने फ्रिज, टीव्ही, पंप, सगळं बोर्डावरून बंद करायचं. भगवानराव तर यात सगळ्यांच्या पुढे. अकराला दोन मिनिटं असताना त्यांनी संगणकाचं बटन बोर्डावरून खाली केलं. अगदी प्रेमाने केलं.

दुपारी लाइट आली. संगणक सुरू झाला आणि म्हणाला, अपडेट जमलं नाही, बदल मागे घेत आहे, बंद करू नका. हे मागे घेणं दोन-अडीच तासांचं काम, आणि लाइट यायची दोन तास. पुन्हा वेळ भरत आली, पुन्हा भगवानरावांनी वेळेच्या आधी बटन खाली केलं. रात्री लाइट असायची, पण इतकी मरतुकडी, की स्टॅबिलायझर कट्‌कट् करून यंत्रापर्यंत काही पोचूच द्यायचा नाही. असे सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. पुढे, मागे, पस्तीस.

मोताळ्यात संगणक दुरुस्त करणारा एकच, बस स्टँडजवळचा सहदेव. माणूस हुशार. पण तो मनकर्णाबाईचा चुलतभाऊ, आणि त्याच्या कानात सकाळी गेलेली गोष्ट आठवडी बाजारात वांग्याच्या ढिगाशेजारी ऐकायला मिळायची. तो घरी येऊन संगणक उघडणार आणि पहिल्यांदा बायोडाटाच वाचणार, हे भगवानरावांना लख्ख दिसत होतं. म्हणून त्यांनी फोनवरून इलाज विचारला. भाऊजी, मी येतोच की, असं सहदेव तीनदा म्हणाला, आणि तिन्ही वेळा भगवानरावांनी उन्हाचं कारण सांगितलं. शेवटी सहदेवने फोनवरच धडा दिला. सुरू होताना कीबोर्डवरची सगळ्यात वरच्या रांगेतली एफ-आठ लिहिलेली कळ दाबत राहा. यादी आली की सेफ मोड निवडा. भगवानरावांनी दाबली; तिथूनही पडदा फिरून पस्तीसवरच आला. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, जे लागलं असेल ते उपटा. उपटलं. सहदेव म्हणाला, पडद्यावर काय लिहून आलं ते मोठ्याने वाचा. शेजारच्या खोलीत मनकर्णाबाई गहू निवडत बसलेली. भगवानराव एकेक अक्षर असं दबकून वाचत होते, की सहदेवला वाटलं घरात कोणी आजारी आहे.

मग सहदेव म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकू, अर्ध्या दिवसाचं काम. सगळं म्हणजे, भगवानरावांनी विचारलं. सगळं म्हणजे सगळं, सहदेव म्हणाला, भास्करचे फोटो कुठे काढून ठेवले असतील तर ठीक, नाहीतर ते पण. ते नको, भगवानराव एवढंच म्हणाले. सहदेवलाही कसंसं झालं असावं, कारण त्याने उगाचच विचारलं की हे पहिल्यांदा झालं तेव्हा किती वाजले होते. भगवानरावांनी मिनिटासकट वेळ सांगितली आणि आपण कशी खबरदारी घेतली तेही अभिमानाने सांगितलं.

सहदेव म्हणाला, “भाऊजी, थो बंद करू नका म्हनते, अन् तुम्ही रोज दोन टाइम त्याचा गळा दाबून राह्यले?”

इलाज एकच होता. जिथे लाइट जात नाही तिथे नेऊन तीन तास त्याला हात न लावणे. बुलढाण्यात पंजाबरावांचं घर कोर्टाच्या लाइनवर, तिथे भारनियमन नावालाच. त्यांच्या घरी संगणकही होता, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड तिथला लावता येणार. न्यायचा तो फक्त डबा. भगवानरावांनी गुरुवारी सकाळची साडेसातची गाडी ठरवली. आणि इथे मनकर्णाबाईने मधे पाय घातला. बीपीच्या माणसाने एवढं ओझं घेऊन एकट्याने घाट चढायचा नाही, शालू सोबत जाईल. भगवानरावांनी शालूला स्वयंपाक आहे म्हटलं, रेणू रडेल म्हटलं, गाडीला गर्दी असते म्हटलं. मनकर्णाबाईने सगळ्याला मान डोलावली आणि शालूला पदर खोचायला सांगितलं.

तर राजूरचा घाट चढताना शालूच्या मांडीवर तो डबा होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. वळणावर ती त्याला दोन्ही हातांनी धरायची. आत आपला बायोडाटा आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि शेजारी बसलेल्या सासऱ्याला त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पंजाबरावांनी शालूला पाहिलं आणि भगवानरावांकडे पाहिलं. भगवानरावांनी डोळ्यांनी नाही म्हटलं. डबा जोडला. पडदा उजळला, बदल मागे घेत आहे, बंद करू नका. दोघे म्हातारे बाजेवर बसून आकड्याकडे बघत राहिले. अकराला दोन मिनिटं असताना भगवानरावांचा हात सवयीने बोर्डाकडे गेला, तर पंजाबरावांनी तो मनगटाला धरून खाली ठेवला. पावणेबाराला पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि भास्करने लावलेलं ते पिवळ्या सूर्यफुलांचं चित्र आलं. शालू चहाचे कप घेऊन आत येत होती. चित्र पाहून ती थांबली.

भगवानराव उठून पुढे होईपर्यंत उशीर झाला होता. फाइली आत कुठे ठेवायच्या ते त्यांना माहीत नव्हतं. जे टाइप केलं ते पडद्यावर समोरच, आणि नावही स्पष्ट मराठीत दिलेलं: शालू बायोडाटा. शालू संगणकाचा कोर्स केलेली पोरगी. तिने कप खाली ठेवले आणि दोनदा टिचकी मारली.

तिचा हसरा फोटो वर. खाली नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची. रंग गोरा, असं भगवानरावांनी लिहिलं होतं, जे काही खरं नव्हतं. ती सावकाश वाचत खाली आली. शेवटच्या रकान्याशी थांबली. अपत्य: मुलगी, वय सहा. मुलगी कायम आजी-आजोबांकडे राहील.

“मामाजी, हे कोनं लिहलं?”

“म्याच.”

“मास्तरनं मागितलं होतं?” तिने पंजाबरावांना विचारलं. मास्तर हा शब्द तिने कुठून काढला कोण जाणे. बायका भिंतीतूनही ऐकतात. पंजाबरावांनी नाही म्हणून मान हलवली. मास्तरांनी मुलीचं काहीच विचारलं नव्हतं. ती ओळ भगवानरावांनी आपल्या मनाने घातली होती. पोरगी सोबत आली तर कोणी पत्करणार नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. पण खरं हे, की रेणूशिवायचं घर त्यांना एक दिवसही नजरेसमोर आणता आलं नव्हतं. सुनेचं भलं करायला निघालेल्या माणसाने नातीची जागा आधीच रुमाल टाकून धरली होती.

“तुम्हाले रेणू पायजे,” शालू पडद्याकडे बघतच म्हणाली. “मास्तरले बाई पायजे. मले काय पायजे, थे कोनत्या रकान्यात हाये?”

भगवानरावांना बत्तीस वर्षांत असा प्रवासी भेटला नव्हता. चहावर साय धरली. ते म्हणाले, की हे सगळं पुसून टाक, मी पंजाबला नाही म्हणून सांगतो.

शालूने ते पुसलं नाही. तिने रंग गोराचा सावळा केला. मग शेवटच्या ओळीवर गेली, ती ओळ खोडली, आणि दहा बोटांनी टाइप केलं: मुलगी आईसोबत राहील. तिथल्याच एका पेन ड्राइव्हमध्ये उतरवून तो तिने सासऱ्याच्या हातात ठेवला. द्यायचा की नाही हे तिने त्यांच्यावर सोडलं, आणि कप उचलून आत गेली.

पंजाबराव हळूच म्हणाले, “भगवान, असा कागद गेला तर मास्तरची बहीन पहिलेच नाई म्हनन. आधीचाच देऊ काय?”

भगवानराव पेन ड्राइव्ह मुठीत घेऊन बसले. द्यावा तर एकतर स्थळ मोडणार, नाहीतर जमलं तर रेणू जाणार. दोन्हीकडून त्यांचंच जाणार होतं. शेवटी त्यांनी तो पंजाबरावांच्या खिशात घातला, आणि आधीचा आता नाहीच, असं सांगितलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मनकर्णाबाईला सगळं सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, भास्करच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली, आणि मग तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. चहा सहाच्या ऐवजी सात वाजता यायचा आणि भगवानराव तो मुकाट प्यायचे.

शनिवारी पंजाबरावांचा निरोप आला, की मास्तर विचार करून कळवतो म्हणाले. रविवारी येतील की नाही, नक्की नाही. रविवारी सकाळी मनकर्णाबाईने कोणालाही न विचारता वड्यांसाठी हरभऱ्याची डाळ भिजत घातली. शालूने केस धुतले. रेणूला कोणी काही सांगितलं नव्हतं, ती दारात खेळत होती. चिखलीकडून येणारी गाडी दहाला आली, एकला आली, चारला आली. भगवानराव प्रत्येक गाडीला ओट्यावर येऊन उभे राहिले. स्टँडवरून येणाऱ्या रस्त्याला ओळखीचीच माणसं होती.

चारच्या गाडीनंतर ते आत आले. मनकर्णाबाई भिजलेली डाळ परातीत उपसत होती.

“आता नाई येत कोनी,” ते म्हणाले.

मनकर्णाबाईने वर बघितलं नाही. तीन दिवसांनी पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली. “पंजाबभाऊले म्हना, दुसरीकडं पाहा. अन् पोरगी संग येईन, हे पहिलेच सांगजा म्हना.”

भगवानराव फोनकडे गेले. रिसिव्हर उचलला, आणि नंबर फिरवायच्या आधी बाहेर खेळणाऱ्या रेणूकडे बराच वेळ बघत उभे राहिले.