लांज्याला, मागच्या पाखाडीने

दुधी भोपळ्याला सुई टोचायचा सराव करून मी यंदा कोकणात निघालो. हसू येईल, पण तयारी खरोखर तशीच झाली. माझी नात मुक्ता हिला काजू चालत नाही. पोट बिघडतं, एवढ्यावर ते भागत नाही. एक तुकडा गेला तरी ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास बंद पडायची वेळ येते. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन तिच्या पिशवीत कायम असतं. आणि या मुलीने लग्नासाठी पसंत केलेला निनाद निघाला लांज्याच्या काजूवाल्यांचा. घराला लागूनच कारखाना.

लांज्याचं नाव ऐकल्यावर तिच्या आईने, माझ्या सुनबाईने, तव्यावरची पोळी जळू दिली. मुक्ता शांतपणे म्हणाली, "मी एकदा जाऊन बघते. त्या घरात बसते, जेवते. श्वास घेता आला तर हो, नाही तर नाही. आजोबा, तुम्ही चला माझ्याबरोबर. तुमचं गुहागरही होईल."

गुहागर म्हणजे माझ्या शाळेचं गाव. मी पिशवी भरली. सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कापडावरून टोचायची, हे तिने मला भोपळ्यावर शिकवलं. भोपळ्याची नंतर भाजी झाली.

सांगलीहून भल्या पहाटे निघालो. मलकापूरला मिसळ खाऊन घ्या. पुढे घाटापर्यंत बरं काही मिळत नाही. रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, धूळ खूप, वेळ हाताशी ठेवा. आंबा घाटात गाडी वळणांना लागली आणि मुक्ता स्टिअरिंगवरून नजर न काढता म्हणाली, "आजोबा, कविता सुरू झाली. घाबरलात ना?"

भीती वाटली की मी शाळेत पाठ केलेल्या कविता चालीवर पुटपुटतो. हे मला माहीत नव्हतं, घरच्यांना मात्र माहीत होतं.

"तुझ्या त्या गाठींचं काही सांग," मी म्हटलं. ती पुण्यात लसिका ग्रंथींवर संशोधन करते. आमच्या लहानपणी पायातला काटा पिकला की जांघेत अवधाण यायचं, त्याच या गाठी. अंगभर पसरलेल्या असतात म्हणे.

"गाठ म्हणजे एक घरच समजा. बाहेर भिंत, आत खोल्या, आणि खोल्याखोल्यांतून बारीक धाग्यांच्या वाटा. शरीरात काही नवीन आलं की ते त्या घरात आणून पहारेकऱ्यांना दाखवतात. हा शत्रू की पाहुणा, ते तिथे ठरतं. आणि ते नुसतं येणाऱ्यावर ठरत नाही, घराच्या बांधणीवरही ठरतं. आतड्याजवळच्या गाठी अशा बांधलेल्या असतात की रोजच्या अन्नाला त्या सहसा पाहुणा म्हणतात. कातडीकडच्या संशयी."

"मग काजूने काय घोडं मारलं?"

"मला लहानपणी इसब होतं. फुटलेल्या कातडीतून काजूचा कण आधी आत गेला असणार, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. तोंडाने यायचा तो कातडीच्या दाराने आला. एकदा शत्रू ठरला की त्या गाठी विसरत नाहीत."

खाली साखरपा आलं, मग पालीहून महामार्गाने लांजा. ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते मी आधी पाहून ठेवलं. मग निनादचा फोन आला, की पुढच्या अंगणात बिया वाळत पडल्यात, तुम्ही मागून या.

मागची वाट म्हणजे जांभ्या दगडाची पाखाडी, दोन्हीकडे दगडी कुंपणाचे गडगे, वर फणस. निनाद विहिरीपाशी उभा होता. उंच, जरा वाकलेला, हात साबणाने धुऊन धुऊन पांढरे पडलेले. "आजोबा, सावकाश. इथली पायरी हलते." त्याने मुक्ताचा हात धरला नाही. दोघं हातभर अंतर ठेवून चालत होती.

त्याच्या आईने, सुनीताताईंनी, पडवीत गूळपाणी पुढे केलं. "कारखाना बंद ठेवलाय हो आज. भांडी नवी आणली. नारळ शेजारचा, मिक्सर शेजारचा. निनादने सगळं सांगितलंन मला." बाई कष्टाळू, बोलकी, बोटांच्या कडा काजूच्या चिकाने कायमच्या काळ्या. मला आवडल्या. मुक्ताच्या खांद्यांवरचा ताणही जरा उतरलेला दिसला.

पानं घेतली. मी हात धुवायला मागच्या पडवीत गेलो, तर ताई मागोमाग आल्या. पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही जाणते म्हणून सांगते. तिच्या खिरीत मोहरीएवढा काजू घातलाय मी. कुटून, अगदी पूड करून."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"घाबरू नका हो. आमच्याकडे कामाला नवी बाई आली की पहिल्या हंगामात तिचे हात फुलतात, कातडी जाते. पुढच्या वर्षी काही नाही. सवय होते अंगाला. थोडं थोडंच द्यायचं असतं. या घरात नांदायचं तर आजपासून सुरुवात करू म्हटलं."

त्यांच्या चेहऱ्यावर माया होती. आत जाऊन ओरडलो असतो तर ही बाई मुलाच्या, होणाऱ्या सुनेच्या नजरेतून कायमची उतरली असती. गप्प बसलो असतो तर मुक्ता. मी माजघरात आलो. मुक्ता कोवळ्या फणसाच्या, कुयरीच्या भाजीचं कौतुक करत होती, आणि तिचा डावा हात खिरीच्या वाटीकडे चालला होता.

मी तिच्या शेजारी बसताना कोपराने ती वाटी उडवली. म्हातारा माणूस, तोल गेला, असं दिसावं म्हणून. वाटी कलंडली, पण खीर तिच्या मनगटावर सांडली.

"अरे देवा, माझं हे असं," मी म्हणालो. आणि पुढे माझ्या तोंडून नदीवरच्या कवितेची पहिली ओळ निघाली.

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मग मनगटाकडे. कातडी लाल झाली होती आणि बघता बघता तिथे गांधी उठल्या.

"खिरीत काय आहे?" तिने विचारलं. आवाज अगदी खाली.

मी तोंड उघडणार तोच मागून सुनीताताई म्हणाल्या, "मी घातला काजू. त्यांना आत्ताच सांगितलं. त्यांचा काही दोष नाही."

"आई, काय केलंस हे?" निनाद गाडीची किल्ली घेऊन दाराकडे धावला, परत आला, पुन्हा धावला. मुक्ताने नळाखाली हात धरला, साबण लावला, गोळी घेतली आणि भिंतीला टेकून बसली. पिशवी माझ्या मांडीवर. सुई माझ्या हातात. कवितेचं दुसरं कडवं काही केल्या आठवेना. ताई समोर उभ्या राहून त्या मनगटाकडे बघत होत्या. "एवढ्याशाने?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "नुसतं लागून?"

आम्ही सगळे तिचा श्वास ऐकत बसलो. तो चालत राहिला. गांधी हळूहळू बसल्या. सुईला टोपण लावताना मला तीनदा प्रयत्न करावा लागला.

"निघू आपण," मुक्ता म्हणाली. पाखाडीवरून वर येताना निनाद मागे चालत होता. ती एकदाच वळली. "आत्ता काही विचारू नकोस."

जाणाऱ्यांसाठी सांगतो: लांज्याहून गुहागरला निवळीमार्गे जयगडला या आणि फेरीबोटीने गाडीसकट तवसाळला उतरा. भाडं माफक, वळसा वाचतो, फक्त शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारा. खाडीचं पाणी सोन्यासारखं झालं होतं. एरवी मी अर्धा लेख त्यावरच लिहिला असता. मुक्ता कठड्याला टेकून मनगट चोळत राहिली आणि मी तिला न कळेल असं तिच्या ओठांकडे बघत राहिलो. सूज येतेय का, एवढंच.

गुहागरला नारळी-पोफळीतल्या एका घरगुती मुक्कामी उतरलो. मालकिणीला आधीच फोनवर काजूचं सांगितलं होतं. तुम्हालाही असं काही असेल तर सांगा, लोक ऐकतात. माझी शाळा आता रंगीत झाली आहे. खिडकीतून समुद्र दिसतो का, ते पाहायलाही मी आत गेलो नाही.

सकाळी किनाऱ्यावर गेलो तर निनाद आणि सुनीताताई सुरूंच्या सावलीत उभे; आमचा मुक्काम निनादला ठाऊक होता. ताई पुढे आल्या नाहीत.

"लांबच उभी राहते हो मी. साडी धुतलेली आहे, तरी," त्या तिथूनच म्हणाल्या. डोळे सुजलेले. "माफी नंतर मागते. आधी एक सांग मला. मग आमच्या बायकांचे हात कसे बरे होतात? इतकी वर्षं बघत्ये मी, ते खोटं?"

मुक्ता दोन पावलं पुढे गेली. "खोटं नाही काकू. तो टरफलातला चीक असतो. कातडीला लागतो, दोन दिवसांनी फुलतं, हळूहळू काहींची कातडी सरावते. त्याचं घर वेगळं, पहारेकरी वेगळे. माझ्या आतले पहारेकरी काजूला बघितल्याबरोबर तुटून पडतात. त्यांना मोहरीएवढा काय आणि मूठभर काय."

"आणि ते बदलायचंच नाही कधी?"

"इस्पितळात डॉक्टरांसमोर कणाकणाने देऊन बघतात. काहींच्या गाठी नवं शिकतात, काहींच्या नाही. शिकल्या तरी जुनं पुसलं जातं असं नाही. ते घरात करायचं नसतं. कुणीच नाही."

"मी तर नाहीच," सुनीताताई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. निनादने वाळूकडे बघत सांगितलं, की काल संध्याकाळीच आईने घरातली काजू निवडण्याची टेबलं कारखान्यात हलवली. मुक्ता ऐकून म्हणाली, "बरं." एवढंच. परतीच्या वाटेवर चिपळूण गेलं, कुंभार्ली घाट गेला, कऱ्हाडला उसाचा रस प्यायलो, तरी त्या शब्दाचा अर्थ मी लावत होतो.

सांगलीत येऊन पंधरवडा झाला. मित्र विचारतात, गुहागर कसं आहे. छान आहे म्हणतो. पण डोळे मिटले की समुद्राऐवजी ते माजघर येतं आणि आम्ही सगळे एका मुलीचा श्वास ऐकत बसलेले.

काल एक डबा आला, आमसुलांचा. पाठोपाठ सुनीताताईंचा फोन मला. "काका, आमच्या घरातली नाहीत हो ती. गुहागरला माझी नणंद असते, तिच्या गच्चीवरची. मी हातसुद्धा लावलेला नाही. तिनेच परस्पर पाठवलीन."

मुक्ताची आई डबा हातात धरून उभी राहिली. उघडला नाही, ठेवलाही नाही. पुण्याहून शनिवारसाठी आलेल्या मुक्ताने तो तिच्याकडून घेतला, झाकण काढलं, वास घेतला.

"आई, अक्षय्य तृतीयेला त्या दोघांना इकडे बोलव. आपल्या दाराने, आपल्या घरात येऊ देत. ती भेट पहिली धरू."

"आणि ती झाली ती?"

"माझ्या गाठींना कुणाला दुसरी पहिली भेट देता येत नाही. मला येते."

आमटीला उकळी आली होती. सुनबाईने डब्यातलं एक आमसूल उचललं, उजेडात उलटसुलट करून पाहिलं आणि पातेल्यात सोडलं.