मान धरणारा

सातपूरच्या कबड्डी सामन्यांत तो रोज दिसायचा. चाकाच्या खुर्चीत बायको, मागे हा. तिची मान ठरत नसे, म्हणून हा दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून उभा राही आणि चढाई जिकडे जाईल तिकडे अलगद वळवी.

तिकीट तिला निम्मं, त्याला पूर्ण. आणि म्हणे अपंगांना सवलत!

"तुम्हीपण मॅच बघताच ना?" खिडकीतला म्हणाला.

"साहेब, मी हिची मान आहे."

फायनलला दर चढले. त्याने तिला एकटीलाच आत पाठवलं. समोरच्या बाकांवरून मला दिसत होतं, सगळे ओरडत होते आणि तिचं डोकं छातीवर पडलेलं होतं.

सामना संपल्यावर गेटपाशी त्याने विचारलं, "दिसलं का गं नीट?"

"हो, मस्त."

त्याने तिचं डोकं उचललं. हनुवटीखालचा पदर लाळेने भिजला होता. कोण जिंकलं, ते त्याने विचारलं नाही.