काजवाल्या मावशींची जाग

तीस वर्षं शाळेच्या गणवेशांना काजं केली, म्हणून त्या काजवाल्या मावशी. डोळे मिटून केलं तरी काज सरळ यायचं. आणि जीभ? कात्रीने तिच्यापुढे हात जोडावेत! मग दोन्ही मूत्रपिंडांनी संप पुकारला आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीवर चार-चार तास बसणं वाट्याला आलं.

सुया टोचता याव्यात म्हणून डॉक्टरांनी डाव्या हातातली शीर धमनीला जोडून फुगवली होती. ती सारखी गुणगुणायची. मावशी हात कानाशी धरून म्हणायच्या, "भुंगा पाळलाय बाई मी."

पण थट्टा सगळी वरवरची. आतून त्या पार विटल्या होत्या. त्या शनिवारी सकाळी लेकीला म्हणाल्या, "आजची शेवटची. मंगळवारपासून मी जाणार नाही. तू किती रजा काढशील? आणि मी तरी आता कुणाच्या कामाची?"

लेक घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. मावशींनी चर्चमध्ये प्रभूलाही सुनावलं होतं, "वर्षभर विचारतेय, हे दुखणं कशासाठी? आणि तू ढिम्म!"

खुर्चीत बसलं की त्यांना झोप यायची. रक्त नळीतून बाहेर जाई, यंत्रातून फिरून परत येई. अंगात गारवा चढे आणि खोली पाण्यावर ठेवल्यासारखी हलकी होई. मग दिसायचे पांढरे सदरे, दोरीवर लांबच लांब, वाऱ्यावर डुलणारे. तेवढेच चार तास सुखाचे होते.

त्या दिवशी उजवीकडच्या खुर्चीवर नवा माणूस आला. ट्रकवाला, चांगला आडदांड. पण सुई पाहून त्याची पाचावर धारण बसली.

"मावशी, फार दुखतं का हो?"

"मुंगी चावते. फक्त मुंगी जरा खात्यापित्या घरची असते."

तो हसला, तेवढ्यात नर्सने सुई टोचली. मावशींचे डोळे जड झाले. सदरे डुलायला लागले.

"मावशी, झोपू नका ना. माझ्यासोबत कुणी नाही."

अरे देवा! शेवटच्या दिवशीही झोप नाही? मावशी चिडून काहीतरी बोलणार होत्या, तोच त्यांना बायबलमधली गोष्ट आठवली. चर्चमध्ये पोरांना ती शिकवताना त्यांचा प्रभूच्या झोपाळू शिष्यांवर फार राग असायचा. क्रुसावरचं मरण समोर दिसत असताना, आदल्या रात्री बागेत प्रभूने मित्रांकडे काय मागितलं होतं? फक्त थोडा वेळ सोबत जागे राहा. तेवढंही मेल्यांना जमलं नाही! म्हणजे असं घाबरणं, अशी सोबत मागणं, त्यालाही ठाऊक होतं.

"दे तो हात इकडे," त्या म्हणाल्या. "मशीन ओरडलं तर दचकायचं नाही, नळी दबली असेल. तहान लागली तर घटाघटा प्यायचं नाही, बर्फाचा खडा चघळायचा."

चार तास त्यांनी डोळ्याला डोळा लावला नाही. खोली तरंगतच होती, सदरेही मधूनमधून दिसत होते. पण आता मावशी ट्रकवाल्याला त्या सदऱ्यांची गंमत सांगत होत्या.

सुया निघाल्यावर त्याने विचारलं, "मंगळवारी असाल ना इथंच?"

मावशी हातावरचा कापूस दाबत राहिल्या. लेक न्यायला आली, तेव्हा दारातच तिला म्हणाल्या, "मंगळवारी जरा लवकर निघू. तो महाभित्रा आहे, मी आल्याशिवाय टोचून घेणार नाही."

लेकीच्या डोळ्यांना धार लागली.

"रडायला काय झालं? रिक्षा बघ आधी," मावशी ओरडल्या, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून स्वतःच रडल्या.