काढा पाण्यात धरत नाहीत

कंपाउंडर मामा गरम पेय विचारून देत नसत, तपासून देत. हिवाळ्यात वर्ध्याजवळच्या देवळीत त्यांच्या अंगणात माणूस आला की मामा आधी त्याला जीभ दाखवायला सांगत, मग खोकायला लावत, मग झोप कशी लागली ते विचारत. त्यानंतर ठरे: कोणाला सुंठ-गुळाचं पाणी, कोणाला ओव्याचं, कोणाला गवती चहा, कोणाला हळद घातलेलं दूध. लग्नानंतर मी बायकोला घेऊन पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिचीही जीभ पाहिली गेली. तिने कॉफी मिळेल का, असं विचारलं. मामा म्हणाले, "कॉफी शहरातल्या दुखण्याले असते. तुले सर्दी हाय." तिला सर्दी नव्हती. दुसऱ्या दिवशी झाली.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. देवळीतल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी तीस वर्षं कंपाउंडर म्हणून काढली. लाल-पिवळी औषधं बाटलीत भरायची आणि कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस, हे त्यांचं काम. डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, मामांचा हात मात्र तसाच राहिला. पहाटे अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून ते पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, काढा ठेवत. तुळस, मिरी, दालचिनी, आलं, गूळ. गंजातलं पाणी निम्म्यावर येईपर्यंत ते जागचे उठत नसत, आणि कोणी घाई केली तर त्याला सगळ्यात शेवटी देत. कापूस घेऊन बाजारात निघालेले टेम्पोवाले थांबून पिऊन जात. पहिल्या घोटानंतर कोणी बोललं की मामा हात वर करत. "गरम पेतानी माणूस घडीभर चूप राह्यते," ते म्हणत. "तेवढाच गावाले आराम."

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा वर्ध्याला डायलिसिस सुरू झालं. लघवी जवळजवळ बंद होती. प्यालेलं पाणी अंगात साठे आणि छातीत चढे. दिवसाला पाऊण लिटर, त्यापलीकडे थेंब नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ते काम मामीने अंगावर घेतलं. मामांनीच तिला एका बाटलीवर खाचांची पट्टी चिकटवून दिली. मामी सकाळी ती बाटली भरून ठेवी. घरातला माठ तिने शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. नवऱ्याला तहानलेला ठेवणारी बाई आम्ही पाहिली नव्हती, असं शेजारणी तिच्या तोंडावर म्हणत. पहाटेचा आणि संध्याकाळचा काढा मात्र चालू राहिला, आणि तो त्या बाटलीच्या हिशोबात येत नव्हता. मामीने एकदा विचारलं होतं. "दवा पाण्यात धरत नाईत," मामा म्हणाले. तीस वर्षं दवाखान्यात घालवलेल्या माणसापुढे ती काय बोलणार?

डायलिसिसला गेलं की आधी वजन होई. दोन पाळ्यांमध्ये ते दोन किलोंपेक्षा जास्त वाढू नये, असं होतं. मामांचं चार-चार किलोंनी वाढे. पाय सुजत, आडवं झालं की धाप लागे. तिथली परिचारिका सगळ्यांसमोर मामीला म्हणे, "आजी, किती लाड करता? पाणी पाजून मारून टाकाल त्यांना." मामीची मुलगी फोनवरून तेच विचारी. मामीने तुळशीवर हात ठेवून सांगितलं, "म्या यायले खाचेच्या वर थेंब देला नाई." मामा तिथेच बसले होते.

गेल्या हिवाळ्यात मी चार दिवस राहायला गेलो होतो. मामी दुकानात गेली असताना मी तिचं दुधाचं माप घेऊन मामांचा काढ्याचा पेला भरून पाहिला. पाव लिटर. दिवसाला दोन पेले. दोन पाळ्यांमधल्या तीन दिवसांत दीड लिटर, म्हणजे दीड किलो. बाहेर येऊन मी म्हटलं, "मामा, हे पाणीच आहे."

ते गंजाखालचा जाळ सारखा करत होते. "मले शिकवून राह्यला का, भाचेबुवा? म्या तीस वर्षं लोकायले दवा पाजली." मग गंजात डोकावून म्हणाले, "मालूम हाय मले. पह्यल्या दिवसापासून मालूम हाय."

मग मामीला बोलणी का खाऊ दिलीत, असं मी विचारलं.

"पाणी तोडलं, मीठ तोडलं, डाळ तोडली. म्या काही म्हटलं नाई. हे तुटलं तर मंग सकाळी उठाचं कशाले? तिले सांगशील तर ती बंद करन. तुले जे कराचं ते कर."

दोन दिवसांनी वर्ध्याच्या बसमध्ये मी मामीला सांगितलं. मामा पुढच्या बाकावर मफलर गुंडाळून बसले होते. सांगायलाच हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं, आणि त्याचा काही उपयोग नाही. मामी रडली नाही, रागावली नाही. तिने हळू आवाजात इतकंच विचारलं, "लोकं मले बोलत होते तवा यायले ठाव होतं?"

तिने काढा बंद केला नाही. किती चालेल ते डॉक्टरांना विचारून आली, दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः जाळ केला, काढा उकळला आणि चार चमचे मोजून पेल्यात घातले. मामांनी पेल्याच्या तळाशी पाहिलं. "हा लेकराचा डोस हाय," म्हणाले आणि पेला खाली ठेवला. पुन्हा कधी घेतला नाही.

त्यानंतर त्यांनी पहाटे उठणं सोडलं. ऊन अंगणात आलं की मामी त्यांना धरून बाहेर आणी. टेम्पोवाले काही दिवस थांबले, मग सरळ जाऊ लागले. सूज उतरली, धाप कमी झाली. मामीला आता कोणी बोलत नव्हतं. मामा तिच्याशी आणि माझ्याशी नीट वागत. विचारलं तेवढ्याचं उत्तर देत. संक्रांतीनंतर एका मंगळवारी बसला जायची वेळ झाली, तेव्हा ते अंथरुणातून उठले नाहीत. "आता नाई येत," म्हणाले. मुलगी आली, पाया पडली. मी फोनवरून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन मामीच्या हातात दिला. आठव्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर मामीने दवाखान्याचे कागद आवरायला माझ्याकडे दिले. शेवटच्या पाळीच्या कागदावर वजनातली वाढ दोन किलोंच्या आत होती. शेजारी परिचारिकेने पेनाने लिहिलं होतं, "शाब्बास, आजोबा."