पूजेचा लॅपटॉप

"तुला अडचण आहे का?" वहिनींनी विचारलं. ऑफिसच्या दारात, सगळ्यांच्या देखत.

"नाही," मी म्हणाले.

"तरी बाहेर थांब."

मी थांबले. चपलांच्या स्टँडजवळ. आत टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर लॅपटॉप. मी रोज ज्यावर काम करायचे तोच. त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. आरतीचं ताट स्नेहलच्या हातात होतं. तीही बाईच. माझ्याच वयाची, रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारी. तिला कुणी अडचण विचारली नाही. तेव्हा मला कळलं, हा प्रश्न बाईला विचारलेला नव्हता.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर आमची कंपनी. मालकांना सगळे दादा म्हणायचे, त्यांच्या बायकोला वहिनी. कामाला लागले तेव्हा वहिनींनी विचारलं होतं, "उचगावात कुठं राहता?" मी सांगितलं, बौद्ध वस्तीत. "बरं बरं," म्हणाल्या. त्या दिवसापासून माझा चहा कागदी कपातून यायला लागला. कप कमी पडत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत काढायला फार छान जमतं.

आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध डेअऱ्यांचं. सकाळी दूध घातलं की माणसाच्या नावावर लिटर आणि फॅट चढतं, फोनवर मेसेज जातो. आधी हे सगळं एकाच गठ्ठ्यात होतं, ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर. मेसेज अडकला की दूध घेणंही बंद. तो गठ्ठा मी सोडवला. संकलन वेगळं, बिलं वेगळी, पशुखाद्य वेगळं, मेसेज वेगळे. एक सेवा पडली तरी बाकीच्या चालाव्यात. मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात त्याला. आता ते सगळं क्लाउडवर न्यायचं होतं, म्हणजे दूरच्या मोठ्या मशीनवर भाड्यानं जागा घेऊन तिथून चालवायचं. आणि सगळ्याच्या तळाशी डेटाबेस. गडहिंग्लजपासून कुरुंदवाडपर्यंतच्या माणसांची नावं त्यात.

माझ्या आईचंही. आमची एक म्हैस आहे. एकदा चाचणी करताना तिचं नाव समोर आलं. वर पाटलांची थोरली सून, खाली सरपंचाचा भाऊ, मध्ये माझी आई. ओळी सगळ्या सारख्याच. मी बराच वेळ बघत बसले. गावात आईला असं कुणाच्या शेजारी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या ओळीसाठी मी हे काम जीव लावून केलं.

नवीन काही चालू करायचं तर दादांकडे मुहूर्त लागायचा. भटजी यायचे, नारळ फुटायचा, आणि बटण दाबायचा मान घरच्या माणसाचा. म्हणून खुर्चीत रोहन, दादांचा पुतण्या. मी दाराबाहेरून सांगायचं आणि त्यानं टाइप करायचं. "पुढं काय?" तो आतून ओरडायचा. मी एकेक अक्षर सांगायचे. पडद्यावर एक काळी खिडकी उघडली होती. तिच्यातून जुन्या मशीनवरची नावं नव्या डेटाबेसमध्ये भरत होती.

"हे भरून होऊ दे," मी म्हणाले. "जुन्याशी ताडून बघू. मगच सेवा चालू करायच्या."

भटजी म्हणाले, राहुकाळ लागतोय.

"चालू कर रे," दादा म्हणाले.

"दादा, थांबा. डेटा अजून भरतोय."

"तू गप जरा. शुभकार्य हाय."

रोहननं सेवा चालू केल्या. पडद्यावर एकेक दिवा हिरवा झाला. टाळ्या वाजल्या. मग फोटोची वेळ आली. हिरव्या दिव्यांवर ती काळी खिडकी आडवी येत होती. शुभ दिवशी फोटोत काळं कशाला, म्हणून त्यानं ती बंदच करून टाकली. भरणं तिथंच तुटलं. "ती बंद करू नको," मी दारातून म्हणाले. पण आरती सुरू झाली होती.

वहिनींनी पेढा माझ्या हातावर वरून टाकला. क्लाउडवर जायचा रस्ता त्या एका लॅपटॉपमधूनच, आणि पूजेतला लॅपटॉप दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचा नव्हता. मी हात लावायचा तर प्रश्नच नव्हता. मी रोहनला सांगितलं, नावं अर्धीच गेलीत, बघ. तो म्हणाला, "सगळं हिरवं हाय की. कशाला घोर लावून घेतीस?"

सकाळी आई डेअरीतनं परत आली. किटली भरलेली.

"काय झालं?"

"डेअरीवाला म्हणतोय, मशीनमधी नाव न्हाय."

"आणि बाकीच्यांचं?"

"लई जणांचं न्हाय. त्येंचं कागदावर लिवून घेतलं. मला म्हणला, तुझं मागनं बघू, दूध ने परत." तिनं किटली खाली ठेवली. "तूच केलेलं हाय न्हवं गं त्ये? मग मीच कशी न्हाय त्येच्यात?"

ती तक्रार करत नव्हती. ती खरंच विचारत होती. मला रडू फुटलं.

ऑफिसात पोचले तर फोन वाजतच होते. "काय करून ठेवलंयस हे?" दादा म्हणाले.

"तरी मी म्हणत होते," वहिनी म्हणाल्या, "पूजेच्या दिवशी हिला बोलवू नका."

"आता सगळ्या डेअऱ्यांना मेल टाक," दादा म्हणाले, "चूक माझ्याकडून झाली म्हणून. आणि काय करायचं ते रोहनला सांग. हितनंच."

हितनंच म्हणजे चपलांच्या स्टँडजवळून.

माझ्या डोळ्यांपुढे आईची किटली होती. मी म्हणाले, "चूक माझी नाही, तसं मी लिहून देणार नाही. आणि बाहेरून काही सांगणार नाही."

मी आत गेले. रोहन उठला. मी खुर्चीत बसले, लॅपटॉपवरचा सुकलेला हार काढून बाजूला ठेवला. शूरपणा नव्हता तो, भीतीच होती. सेवा थांबवल्या, राहिलेली नावं भरली, ताडून बघितली, मग सेवा चालू केल्या. आईचं नाव आलं. आनंद झाला नाही. तिचं दूध केव्हाच नासलं होतं.

मी उठले तशा वहिनी म्हणाल्या, "स्नेहल, खुर्ची पुसून घे."

स्नेहलनं फडकं ओलं केलं आणि पुसली. पाठ, हात, बैठक. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. वहिनींचं मला इतकं लागलं नाही. स्नेहलचं लागलं, अजून लागतं.

मी पर्स उचलली आणि निघाले ती परत गेले नाही. ॲट्रॉसिटीची तक्रार देणार, असं मी बाबांना सांगितलं. जन्म फाउंड्रीत गेला त्यांचा. "कोल्हापूर केवढंसं?" ते म्हणाले. "फुडं कोण ठेवून घेईल तुला? आमी सोसलं, तू बी थोडं सोस." त्यांचा राग आला नाही. पण बापानं लेकीला द्यायला हेच उरावं, याचं फार वाईट वाटलं.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "शिवी दिली? मारलं? नुसतं भाईर थांब म्हनले, त्यात काय एवढं, ताई?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं मध्येच फोन घेतला. फोन ठेवल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी त्यानं लिहून घेतलं.

संध्याकाळी दादांचा फोन आला. आवाज मऊ. "ऑफिस म्हणजे घरच आपलं. घरातलं घरात मिटवू की. तक्रार मागं घे."

"मी तुमच्या घरातली नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

नोकरी अजून मिळालेली नाही. जिथं जाते तिथं माझं नाव माझ्या आधी पोचलेलं असतं. आई अजून त्याच डेअरीत दूध घालते, बाबा अजून म्हणतात सोडून दे. मी सोडणार नाही. कोर्टात तारीख लागेल तेव्हा उभी राहणार आहे. स्नेहलला साक्षीला बोलवा म्हणणार आहे, तिनं मान वर करो न करो. कोण काय म्हणालं, कुणी काय पुसलं, शब्दाला शब्द सांगणार आहे. दादांना आणि वहिनींना ते सगळ्यांच्या देखत ऐकावं लागेल, आणि माझं सांगून होईपर्यंत त्यांना तिथून उठता येणार नाही.