टोकाच्या खुर्चीवरचे मेजरसाहेब

मेजर गणवीरांच्या घरी चहा कोण घेणार, हा प्रश्नसुद्धा तिथं बसलेल्या सगळ्यात लहान माणसापासून सुरू व्हायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वकिलीत अगदी कच्ची होते. माझ्या सिनियर वकिलांची बॅग धरून भंडाऱ्याजवळ शहापूरला मेजरसाहेबांच्या घरी गेले होते. हायवे रुंद होताना त्यांच्या कुंपणाची भिंत जाणार होती, त्याचा सल्ला द्यायचा होता. सिनियर घसा साफ करून सुरू होणार, तेवढ्यात मेजरसाहेबांनी हात वर केला आणि माझ्याकडे वळले. "वकीलबाई, पहिले तुमी सांगा. केस टिकते का?" मी सिनियरकडे पाहिलं. "तिकडं नका पाहू," ते म्हणाले, "म्हनूनच तुमाले पहिले इचारलं." मी चाचरत सांगितलं की टिकत नाही, मोबदला घ्या आणि भिंत मागं सरकवा. परतीच्या वाटेवर सिनियरांनी बॅग माझ्या हातून काढून स्वतःकडे घेतली. पुढं लवकरच मला त्यांचं ऑफिस सोडावं लागलं, आणि मेजरसाहेब माझे पहिले अशील झाले.

या सवयीपायी त्यांनी कित्येकांना नाराज केलं. विहाराच्या कमिटीत ते अध्यक्ष, पण कोणताही ठराव आला की आधी नवख्या सभासदाला उभं करायचे आणि म्हाताऱ्यांनी तोंड उघडलं की त्यांना हातानं थांबवायचे. पुतण्याच्या लग्नाच्या बैठकीत तर कमालच. देण्याघेण्याचं सगळं ठरलं, सुपारी फुटायची तेवढी बाकी, आणि यांनी नवरीच्या शाळकरी बहिणीला विचारलं, "बेटा, तुले हा जावई पसंत हाय का?" पोरगी म्हणाली, "फोनवर ताईवर लय ओरडते तो." लग्न झालं, पण त्याआधी पुतण्याला मागच्या अंगणात नेऊन मेजरसाहेबांनी असं काही फैलावर घेतलं की आत बसलेल्या पाहुण्यांना चहा गिळवेना.

मी एकदा न राहवून विचारलं, ही काय तऱ्हा आहे तुमची? तेव्हा कळलं की ही फौजेतली, कोर्ट मार्शलमधली पद्धत. तिथं पंच म्हणून अधिकारी बसतात. गुन्हा शाबीत झाला की नाही, हे ठरवताना मत आधी सगळ्यात ज्युनियरचं घ्यायचं, मग चढत्या क्रमानं वर जायचं. "सिनियरनं पहिले तोंड उघडलं का ज्युनियरच्या तोंडाले कुलूप लागते," ते म्हणाले. "लय समजदार मानसानं बनवला हा नियम." आणि कुणी काय मत दिलं हे बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ असते. ती शपथ त्यांनी कशी पाळली, हे सांगायलाच तर मी लिहायला बसले आहे.

जन्म सानगडीचा. आईबाप दुसऱ्याच्या बांधीत धान रोवायला जायचे. हे शिपाई म्हणून भरती झाले आणि परीक्षा देत देत अधिकारी झाले. निवृत्तीनंतर शहापूरला घर बांधलं. उंच, सावळे, बोलताना अर्धी झाडीबोली आणि अर्धी फौजी हिंदी. अंगणात तुळस नाही, देवाचा फोटो नाही, पण आल्यागेल्यासाठी ओळीनं खुर्च्या मांडलेल्या. स्वतः नेहमी टोकाच्या खुर्चीवर बसायचे. मला वाटायचं, पाय लांब करायला सोपं जात असेल.

मग शकुनताई आली. ती माझ्या माहेरची, आंधळगावची, आमच्याच गल्लीतली. कोसा रेशीम विणणारं घर. तिचा नवरा फौजेत होता, आणि तरुणपणी ती त्याच्याबरोबर दूरच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहिली होती. नवरा ड्यूटीवर असताना एका हवालदारानं तिच्यावर हात टाकला. तिनं आरडाओरडा केला, तक्रार केली, कोर्ट मार्शलपुढं उभी राहून साक्ष दिली. साक्ष झाली, तिला सांगितलं, जा. ती गेली. नवऱ्याची बदली झाली. काही दिवसांनी सासरी बातमी आली की तो हवालदार सुटला, बाई खोटी निघाली. नवऱ्यानं तिला आंधळगावला आणून सोडलं ते कायमचं. बातमी त्याला कुणी दिली, की त्यानंच उठवली, देव जाणे. तो आता हयात नाही.

इतकी वर्षं ती भावाच्या घरी मागावर बसून होती. भाऊ वाईट नव्हता, पोटाला घालत होता, पण बहिणीनं खोटं बोलून संसार मोडला हे त्याच्या मनात पक्कं होतं आणि तसं तो बोलूनही दाखवायचा. माझ्यापुढं बसून ती म्हणाली, "ताई, मले पैसा नाही पाहिजे. थ्या कोर्टानं मले खरं मानलं का खोटं, यवढंच पाहून दे."

मी अर्ज केला. उत्तर आलं, तुम्ही त्या खटल्यात पक्षकार नव्हता, माहिती देण्याची तरतूद नाही. माझं डोकंच फिरलं. जिच्यावर हात टाकला ती पक्षकार नाही, मग कोण आहे? साध्या कोर्टात आज पीडितेला आरोपी सुटला तर अपील करता येतं. लष्करी कायद्यात तिला निकाल कळवायचीही सक्ती नाही. शिक्षा ठरवताना आरोपीला विचारतात, तुझी नोकरी किती, घरी कोण कोण आहे, दयेसाठी काही म्हणायचंय का. विचारायलाच पाहिजे, मी म्हणते. पण जिचं वाटोळं झालं तिला कुणीच काही विचारत नाही.

हे सगळं मी मेजरसाहेबांपुढं तावातावानं बोलले. सगळं ऐकून ते म्हणाले, "कोर्टाचा निकाल मंजूर झाला का युनिटच्या परेडवर मोठ्यानं वाचते. थो काही गुपित नसते. थ्या परेडवर उभा असलेला एखादा गडी जिवंत असनच ना." आणि त्यांनी फोन सुरू केले. जुने सोबती, त्यांचे सोबती, निवृत्त सुभेदार, कुणी पंजाबात, कुणी गढवालात. असे दिवसच्या दिवस गेले. शेवटी एक म्हातारा सुभेदार सापडला. तो त्या परेडवर उभा होता, आणि त्याला सगळं लख्ख आठवत होतं.

आम्ही दोघं आंधळगावला गेलो. शकुनताईचा भाऊ दारात आला, वडीलधारा म्हणून खुर्ची ओढून समोर बसला, "बोला साहेब" म्हणाला. मेजरसाहेब बसले नाहीत. "तुमाले मंग सांगतो भाऊ. पहिले थ्या बाईले." ते सरळ आत मागाजवळ गेले. शकुनताई विणत होती. चप्पल काढून ते तिच्यासमोर उभे राहिले, अगदी ताठ, आणि म्हणाले, "बाई, कोर्टानं तुमाले खरं मानलं होतं. थो हवालदार दोषी ठरला. त्याले जेल झाली, नोकरीतून काढला. पुऱ्या युनिटनं ऐकलं."

तिच्या हातातला धोटा तसाच राहिला. ती रडली नाही. ताण्याकडं बघतच म्हणाली, "पुऱ्या युनिटनं ऐकलं. मंग मले काहून नाही सांगतलं कोनी?"

मेजरसाहेबांनी मान खाली घातली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "सांगाची तरतूद नव्हती बाई," एवढंच ते पुटपुटले. भाऊ दारातून सगळं ऐकत होता. तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि लेकरासारखा रडायला लागला. त्याला उठवायला शकुनताईच उठली.

त्या दिवसापासून मेजरसाहेबांनी दुसरा विषय काढला नाही. कायदा बदलला पाहिजे. मी म्हणायची, असले गुन्हे फौजेच्या कोर्टाकडून काढूनच घ्या. त्यावर आमची कडकडून भांडणं व्हायची. "फौजेले तिचं कोर्ट लागते, वकीलबाई. बर्फात, बॉर्डरवर तुमचे तारीख पे तारीख कोठून आनसान? कोर्ट ठीक हाय. त्याच्यात एक खुर्ची कमी हाय, थे पहा." शेवटी त्यांच्या मनासारखा मसुदा झाला. पीडितेला तारीख कळवा, तिचा माणूस तिच्याजवळ बसू द्या, शिक्षा ठरवण्याआधी तिचं ऐका, निकालाची प्रत द्या, आणि पटला नाही तर वर दाद मागू द्या. भंडाऱ्याला माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्यांनी तो वाचला तेव्हा एक निवृत्त कर्नल तडकले. म्हणाले, बायाबापड्या आत आल्या तर शिस्त राहील का? मेजरसाहेब उभे राहिले. "सर, आरोपीले इतकी वर्षं इचारून राहिलो आपन, शिस्त नाही बिघडली. जिले मार लागला तिले इचारल्यानं कशी बिघडंल?" टाळ्या पडल्या नाहीत. पण कर्नल खाली बसले.

दिल्लीत एका समितीनं या कायद्यातल्या सुधारणांवर सूचना मागवल्या होत्या. मेजरसाहेबांना बोलावणं आलं. ते मला आणि शकुनताईला घेऊन गेले. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, मोठे मोठे लोक. यांचं नाव पुकारलं तसे हे उभे राहिले आणि शुद्ध हिंदीत म्हणाले की या खोलीत सगळ्यात ज्युनियर या बाई आहेत, आधी त्या बोलतील. अध्यक्ष म्हणाले, यांचं नाव यादीत नाही. "मग माझा वेळ त्यांना द्या," म्हणून हे खाली बसले. शकुनताईला हिंदी धड येत नव्हती. ती आपल्या बोलीत बोलली, मी भाषांतर केलं. "मी माह्यासाठी काही मांगाले नाही आली. माह्यं तं गेलं. पन उद्या जिले तुमी साक्षीले बोलवान, तिले निंगता निंगता सांगा, बाई, तुह्यं खरं निंगालं का खोटं. खोटं निंगालं तरी सांगा."

दिल्लीहून येताना भंडारा रोडला उतरलो, शकुनताईला ऑटोत बसवलं, आणि मेजरसाहेब स्टेशनच्या बाकावर बसून राहिले. मग एकदम म्हणाले, "मी बी एका कोर्टात बसलो होतो, वकीलबाई. नवा कॅप्टन होतो. सगळ्यात ज्युनियर. टोकाची खुर्ची." प्रकरण थेट असंच होतं. एका जवानाची बायको, साताऱ्याकडची. तिनं साक्ष दिली आणि बाहेर गेली. तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

"आणि निकाल?" मी विचारलं.

"सुटला."

"तुम्ही काय मत दिलं होतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "शपथ हाय."

"अहो, इतकी वर्षं झाली!"

"शपथीले वर्षं नसतात." मग म्हणाले, "मले वाटे, हरलेल्या बाईले कोन्या तोंडानं सांगाचं? बरंच हाय, तरतूद नाही थे. पन शकुनबाई का म्हनली, ऐकलं ना तुमी? खोटं निंगालं तरी सांगा."

मी पुढंही पुष्कळदा विचारलं. चिडून, गोडीगुलाबीनं, वकिली डावपेच लावून. मला वाटायचं, माझ्यापाशी एकदा बोलून टाकावं आणि मोकळं व्हावं. पण नाही म्हणजे नाही. त्या बाईचा शोध मात्र त्यांनी सोडला नाही. नवऱ्याचं गाव, जुनं युनिट, नातलग, सगळीकडे निरोप ठेवले आणि प्रत्येक ठिकाणी नंबर दिला तो माझा. मी विचारलं, माझा का? "मी आज हाय, उद्या नाही. आन बाईले बाईशी बोलनं सोपं जाते. तिनं फोन केला तं निकाल सांगजा, लपवजा नको."

धान कापणीच्या दिवसांत ते गेले. छातीत कळ आली आणि नागपूरला पोहोचायच्या आत सगळं संपलं. विहारातल्या शोकसभेत बोलणाऱ्यांची नावं रिवाजाप्रमाणे हुद्द्यानं लिहिलेली होती, वर कर्नल, खाली बाकीचे. त्या कर्नलांनीच माईक हातात घेऊन मागच्या रांगेकडं केला आणि म्हणाले, सगळ्यात शेवटचं नाव आधी घ्या. शेवटचं नाव शकुनताईचं होतं. कायदा अजून बदललेला नाही. मसुदा दिल्लीत कुठंतरी आहे, मी दर अधिवेशनाच्या आधी आठवण करते, पोच येते. हे लिहिताना मला संताप येतो, तो मी लपवत नाही.

परवा दुपारी कोर्टाच्या मधल्या सुट्टीत मी डबा उघडला होता, तर अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज वयस्कर बाईचा, साताऱ्याकडच्या वळणाचा. "कुणी मेजर मला शोधत होते म्हणं. हा नंबर दिलाय." मी उठून वकिलांच्या शेडच्या बाहेर आले. मेजरसाहेब आता नाहीत हे सांगितलं. मग म्हटलं, ताई, त्यांनी तुम्हाला निकाल सांगायला सांगितला होता, आणि मी तो सांगितला. आरोपी सुटला होता.

"ते ठाव हाय मला," ती शांतपणे म्हणाली. "त्याच्या घरच्यांनी पेढं वाटलं होतं. मला दुसरंच विचारायचंय. त्या खोलीत एकाला तरी माझं खरं वाटलं होतं का?"

मला हो म्हणता आलं असतं. कोण विचारायला येणार होतं? पण तो माणूस शेवटपर्यंत बोलला नाही, तर मी कोण त्याच्या नावावर बोलणार?

"मला माहीत नाही, ताई," मी म्हटलं. "तशी शपथ असते, त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण त्या खोलीत जे सगळ्यात लहान होते, ज्यांनी सगळ्यांच्या आधी मत दिलं, तेच तुम्हाला शोधत होते. मरेपर्यंत."

"टोकाच्या खुर्चीवर होते ते?" तिनं विचारलं.

"हो."

"त्यांचं नाव सांगा," ती म्हणाली, आणि मी ते हुद्द्यासकट पूर्ण सांगितलं. तिनं ते हळूहळू, एकेक शब्द करून, माझ्यामागून म्हटलं.