आमदारसाहेबांना लिहिलेलं घर

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं असेल. मी दिग्रसला मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. शाळेमागे जिनिंग होतं. हंगामात कापसाचे तंतू उडत यायचे आणि फळ्यावर, मुलींच्या वेण्यांवर, माझ्या पापण्यांवर बसायचे. ते दिवस मला अजूनही त्या पांढऱ्या, तरंगत्या उजेडातच दिसतात.

जिनिंगच्या एका पडक्या शेडमध्ये नऊ कुटुंबं राहत होती. नदीकाठची त्यांची घरं पुरात गेली होती. आता पुढच्या हंगामाआधी शेड रिकामं करा, असं मालकानं सांगितलं. तेव्हा तिथली एक म्हातारी शाळेत आली. "बाई, आमदारसाहेबाले पत्र लिहून द्या."

मी लिहिलं. निवाऱ्याची सोय व्हावी, ही नम्र विनंती. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तर पत्र पोचल्याचं दोन ओळींत कळवलं गेलं. तिसऱ्या पत्राला बसले तेव्हा म्हातारी म्हणाली, "आधीचं काय लिहिलं ते वाचून दाखवा." मी वाचलं.

"हे तं कोणाचंबी पत्र झालं. माह्यं घर काहून नाही आलं याच्यात?"

"घरच तर मागतोय आपण."

"मांगू नका. कसं होतं ते लिहा. त्याले दिसलं पाह्यजे."

शनिवारची दुपार होती, शाळा सुटली होती. तिनं डोळे मिटले आणि सांगू लागली. भिंतीवर लेकीनं लग्नाआधी उमटवलेले गेरूचे हात. दुपारी उन्हाचा कवडसा पडायचा ती जागा, आणि तिथं झोपणारी मांजर. निजल्यावर उशाखालून वाहतेय असं वाटणारी नदी. हळूहळू बाकीच्या बायाही आल्या, आपापलं घर सांगू लागल्या. त्यांचं ‘मले’, ‘तुले’ मी काहीच सुधारलं नाही. लिहिता लिहिता मीच त्या घरांतून हिंडत होते.

दीड महिन्यानं आमदार स्वतः आले. शेडपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "गेरूच्या हातांचं घर कोणाचं?"

"माह्यं होतं," म्हातारी म्हणाली.

चैत्रात गावठाणाच्या उंच जागेवर साखळी टाकून प्लॉट मोजले गेले. सात कुटुंबांना मिळाले. उरलेल्या दोन कुटुंबांची नावं सरकारी यादीत नव्हती. ती माणसं गाठोडी घेऊन पुसदच्या बसमध्ये बसली. त्यांच्यासाठी मी आणखी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. ते अजून सलतं.

म्हातारीनं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड घालून झोपडी उभी केली आणि मला बोलावलं. गुळाचा काळा चहा दिला. जमीन नुकती सारवलेली, गार होती. "पडा जराशा," ती म्हणाली. मी पडले आणि कधी डोळा लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, आणि ती शेजारी बसून पदरानं मला वारा घालत होती.